एसटीपी चालतोय की नुसता उभाय? नदीकडून उलटं तपासत जायची पद्धत

शहराचा मैलापाणी प्लांट, म्हणजे सांडपाणी साफ करणारा एसटीपी, बघायला गेलं की काय होतं ते सांगतो. गेटवर कोणीतरी भेटतं, आधी बाग दाखवतात, मग मोठ्या गोल टाक्या, आणि शेवटी बाहेर पडणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून म्हणतात बघा किती नितळ, आणि आपण फोटो काढून घरी. मी बरीच वर्षं अशा प्लांटच्या लॅबमधे काढलीत, तो ग्लास मीही हातात धरून उभा राहिलोय, म्हणून खात्रीने सांगतो की त्या ग्लासावरून जवळपास काहीच कळत नाही. अमोनियाला रंग नसतो. पाणी आरशासारखं असून त्यात मासे मरतील एवढा अमोनिया आरामात मावतो.

त्यामुळे प्लांट तपासायचा असेल तर गेटवरून सुरुवात करूच नका. आधी नदीवर जा, खालच्या अंगाला, आणि तिथून उलटं चालत प्लांटपर्यंत या. नदीला काय होतंय ते कळलं की प्लांटमधे नक्की काय विचारायचं ते आपोआप कळतं. उलट केलंत तर ते दाखवतील तेच बघत बसाल.

नदीवर कुठे आणि कधी

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पाइप जिथे नदीत पडतो तिथेच बाटली भरायची. तिथे फेस असतो, वास असतो, फोटो भारी येतो, पण ऑक्सिजन तिथे सगळ्यात कमी नसतो. घाण पाण्यात पडली की बॅक्टेरिया ती खायला लागतात आणि खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पाणी पुढे गेलेलं असतं. म्हणजे ऑक्सिजनचा खड्डा पडतो तो पुढे कुठेतरी, कधी अर्ध्या दिवसाच्या अंतरावर तर कधी दोन दिवसांच्या. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली हे गणितात बसवलं, आजही तेच गणित थोडी भर घालून वापरतात.

तुमच्या नदीत तो खड्डा साधारण कुठे शोधायचा त्याचा देशी जुगाड असा. काठावर ५० मीटर मोजा, वरच्या टोकाला एक काटकी टाका, खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते बघा. समजा २०० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जरा जोरात धावतं म्हणून ०.८५ ने गुणा. दिवसाला साधारण १८ किलोमीटर आले. म्हणजे तुमच्या शहराने सोडलेल्या पाण्याचा खरा त्रास १८-२० किलोमीटर खाली राहणाऱ्या लोकांना होत असेल, आणि त्यांना वाटत असेल की आपल्याच गावाची नदी खराब आहे. हे असं बऱ्याच ठिकाणी असतं.

दुसरी गोष्ट मिसळण्याची. प्लांटचं पाणी नदीत पडलं म्हणजे लगेच मिसळलं असं होत नाही, ते बराच वेळ एकाच काठाला चिकटून वाहतं, रुंद नदीत तर कित्येक किलोमीटर. स्वस्तातला पेनासारखा कंडक्टिव्हिटी मीटर मिळतो तो घ्या. सांडपाण्यात क्षार जास्त असतात त्यामुळे आकडा नदीपेक्षा वर असतो. पुलावरून डावीकडे, मधे आणि उजवीकडे आकडा घ्या, तिन्ही सारखे आले की समजा आता मिसळलं. त्याच्या आधी घेतलेला नमुना एकतर फार भीतीदायक येईल नाहीतर फार छान, तुम्ही कुठल्या काठावर उभे होतात त्यावर. आणि पाइपच्या वरच्या अंगाचा एक नमुना हवाच हवा. नदी वरूनच खराब येत असेल तर सगळा दोष या प्लांटच्या माथी मारून चालणार नाही.

आता वेळ. रिपोर्टमधले नमुने बहुतेक सकाळी अकरा-बाराला घेतलेले असतात, कारण लॅबची माणसं तेव्हा कामावर असतात, यात काही कट वगैरे नाही. पण नदीत शेवाळ असेल तर दुपारी ते उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, आकडा मस्त येतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढायला लागतं. त्यामुळे नदीचा श्वास सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. ३० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन मुळात मावतोच साडेसातच्या आसपास मिलिग्रॅम प्रति लिटर, २० अंशाला नऊच्या जरा वर. त्यातून पहाटे २ च्या खाली गेला की बरेचसे मासे एकतर पळतात नाहीतर पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात. तर गजर लावा. एक नमुना पहाटेचा, एक दुपारी तीनचा. दुपारचा कशाला ते पुढे अमोनियाच्या वेळी सांगतो.

बाटलीतला ऑक्सिजन मोजणे

डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर उत्तमच, पण त्याचं कॅलिब्रेशन करायचा लोक कंटाळा करतात आणि मग तो काहीही दाखवतो. मला अजूनही विंकलरची पद्धत आवडते, १८८८ सालची आहे आणि एकदा हात बसला की फसवत नाही. शाळेच्या किंवा कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधे सगळं सामान मिळतं, तिथल्या सरांना किंवा मॅडमना बरोबर घ्या, कारण यात आम्ल आणि अल्कली दोन्ही आहेत, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच.

३०० मिलीची बुचाची बाटली घ्यायची. पाण्यात बुडवून हळू भरायची, डुबुकडुबुक करत नाही, बुडबुडा आत राहिला तर वाया गेलं. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड, दोन्ही एकेक मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी करायची. आता बघा. आत ढग तयार होतो. ढग तपकिरी आला, चहासारखा, तर ऑक्सिजन आहे. ढग पांढराच राहिला, दुधासारखा, तर ऑक्सिजन संपलेला आहे. त्यासाठी आकडासुद्धा लागत नाही. पहाटे टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा पांढरा ढग बघितला तेव्हा आमच्याबरोबरचा पोरगा म्हणाला, सर केमिकल खराब झालंय वाटतं. केमिकल खराब नव्हतं.

तपकिरी आला की ढग खाली बसू द्यायचा, मग आम्ल घालायचं, ढग विरघळून पिवळं पाणी होतं, आणि ते काही तास अंधारात ठेवून लॅबमधे नेऊन टायट्रेशन केलं तरी चालतं. २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरलंत तर जेवढे मिली लागतील तेवढाच मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन, गणित करायलाच नको. पाणी फिकट पिवळं झाल्यावर स्टार्च घालायचा, निळं होतं, निळा गेला की थांबायचं.

रिपोर्टमधला आकडा आणि नदीचं पोट

आता प्लांटचा रिपोर्ट मागा. त्यात बीओडी असेल (पाण्यातली घाण खाताना बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन लागेल तो आकडा), टीएसएस असेल (पाण्यात तरंगणारे घन कण), दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटरमधे, आणि शेजारी मर्यादा लिहिलेली असेल. लोक तिथेच फसतात. मर्यादेच्या आत आहे म्हणजे नदीला चालतं असा त्याचा अर्थ नाही. बीओडी ३० आणि प्लांट १० एमएलडी, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर, तर गुणाकार केला की ३०० किलो. रोज ३०० किलो ऑक्सिजन खाणारी घाण. नदी भरून वाहत असेल तर पचवेल, आटलेली असेल तर नाही.

हे शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना नीट माहीत होतं. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ साली २० बीओडी आणि ३० टीएसएस हे प्रमाण सांगितलं, तेव्हा सोबत अट होती की नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी असायला हवं. पुढे जगभर २० आणि ३० हे आकडे फिरले, कॉपी झाले, आठपटीची अट मात्र वाटेत गळाली. कोरड्या महिन्यांत किती नद्यांमधे वरून आठपट पाणी येतं? कित्येक नद्यांमधे तर तेव्हा शहराच्या खाली जे वाहतं ते सगळं प्लांटचंच पाणी असतं. म्हणून मिसळण्याचं साधं गणित करा: नदीचा प्रवाह गुणिले नदीचा आकडा, अधिक प्लांटचा प्रवाह गुणिले प्लांटचा आकडा, भागिले दोन्ही प्रवाहांची बेरीज. वर्षातल्या सगळ्यात आटलेल्या आठवड्याचा प्रवाह घ्या, सरासरी घेऊ नका, मासे सरासरीत जगत नाहीत.

आणि अमोनिया. हा माझा आवडता विषय आहे म्हणून जरा लांबण लागेल. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी १० आहे, सगळे खूश, पण अमोनिया ३० आहे, तर त्या ३० च्या मागे १३७ मिलिग्रॅम ऑक्सिजनची उधारी लपलेली आहे. ही उधारी पाच दिवसांच्या बीओडी टेस्टमधे बऱ्याचदा दिसतच नाही, कारण अमोनिया खाणारे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात, आणि कधी कधी त्यांना मुद्दाम थांबवायचं औषध घालून टेस्ट करतात, तशी पद्धतच आहे. नदी मात्र ती उधारी पूर्ण वसूल करते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, इथे उलटं आहे, शेपूट मोजलंय आणि हत्ती नदीत सोडलाय.

वर दुपारच्या नमुन्याचं म्हटलं होतं ते हे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक माशांना फारसं बाधत नाही आणि दुसरं विषारी. पाण्याचा पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर विषारी भाग अर्धा टक्का. पीएच ८ झाला की ५ टक्के. ९ झाला की ३६ टक्के. आणि शेवाळ दुपारच्या उन्हात पीएच वर नेतं, हिरव्यागार पाण्यात ९ सहज होतो. म्हणजे पहाटे ऑक्सिजन नाही आणि दुपारी अमोनिया विषारी, माशांनी जायचं कुठे? रिपोर्टमधे अमोनियाचा रकानाच नसेल तर तुमची पहिली मागणी हीच असू दे, बाकी सगळं नंतर.

आता प्लांटच्या आत

परवानगी घेऊन जा, आणि आधी दोन सूचना. कुठल्याही चेंबरमधे, मॅनहोलमधे उतरायचं नाही, वाकून डोकंसुद्धा घालायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर निदान कळतं तरी, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बंद पडतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस जातो. दुसरं, हवा सोडलेल्या टाकीच्या कठड्यावर बसून फोटो नकोत, त्या फेसाळ पाण्यात पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही.

बाग, रंगकाम, बोर्ड याकडे बघू नका, वरून कीर्तन आतून तमाशा असू शकतो. थेट एअरेशन टँकवर, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीवर चला. मँचेस्टरमधे आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली ही अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजची पद्धत मांडली, आणि आजही मूळ कल्पना तीच: बॅक्टेरियांचा गाळ पाण्यात तरंगत ठेवा, हवा द्या, मग गाळ बसवून परत आत घ्या. टाकीचा रंग चॉकलेटी आणि वास ओल्या मातीसारखा असेल तर बरं चाललंय. काळा रंग आणि सडका वास म्हणजे हवा कमी. पांढरा साबणासारखा फेस ढिगाने आला असेल तर बहुतेक गाळ कमी आहे किंवा नवीन आहे, आणि तपकिरी, जाड, तुपकट साय आली असेल तर गाळ म्हातारा झालाय किंवा तंतूवाले बॅक्टेरिया माजलेत.

मग एक लिटरचा मोजनळा मागा, प्रत्येक प्लांटमधे असतो, नसेल तर तेच उत्तर समजा. टाकीच्या शेवटच्या टोकाचं पाणी भरून सावलीत ठेवा आणि तिथेच उभे राहा, कुठे जाऊ नका. चांगला गाळ असेल तर पहिल्या पाच मिनिटांत गोळे धरतो आणि एक स्वच्छ रेघ खाली सरकायला लागते, वर पाणी नितळ. अर्ध्या तासाने रेघ समजा २५० मिलीवर आली आणि त्यांच्या वहीत एमएलएसएस (टाकीतल्या एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम सुका गाळ) २५०० लिहिलंय, तर २५० ला २.५ ने भागा, १०० आले. या आकड्याला एसव्हीआय म्हणतात, १०० च्या आसपास म्हणजे झकास. १५० च्या वर गेला की काळजी. रेघ ९०० वरच अडकली असेल तर दोन शक्यता, गाळ जास्त झालाय किंवा फुगलाय. हे ओळखायला सोपी युक्ती आहे: तेच पाणी निम्मं आणि निम्मं स्वच्छ बाहेरचं पाणी असं मिसळून पुन्हा अर्धा तास ठेवा. २००-३०० वर आलं तर नुसता गाळ जास्त होता, काढून टाकायचा. तरीही ७०० च्या आसपास राहिलं तर तंतूंचा प्रॉब्लेम आहे, आणि त्याचं कारण हवेत, खाद्यात किंवा येणाऱ्या पाण्यातल्या सल्फाइडमधे शोधावं लागेल.

मोजनळा लगेच ओतून देऊ नका, अजून तास-दीड तास राहू द्या. बसलेला गाळ अख्खाच्या अख्खा वर तरंगून आला तर नवीन लोक घाबरतात. खरंतर ती अर्धी चांगली बातमी आहे, कारण याचा अर्थ अमोनियाचं नायट्रेट होतंय, आणि आता हवा नसल्यामुळे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन त्याचे बारीक बुडबुडे गाळाला वर ढकलतायत. फक्त हेच क्लॅरिफायरमधे, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत झालं तर गाळ पाण्याबरोबर नदीत जातो, म्हणून गाळ तिथून लवकर खेचायला हवा.

अमोनिया उतरत नसेल तर ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा. टाकीत ऑक्सिजन २ च्या आसपास आहे का, गाळाचं वय किती ठेवताय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस आत राहतो, आणि क्षारता (अल्कलिनिटी, पीएच सांभाळायची पाण्याची ताकद) किती उरते. तिसऱ्याकडे कोणी बघत नाही. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजन मोडताना सातच्या वर ग्रॅम क्षारता खर्च होते, ती संपली की पीएच कोसळतो आणि ते बॅक्टेरिया बसून राहतात, मग कितीही हवा मारा. हवा नसलेला एक कप्पा सुरुवातीला ठेवून नायट्रेटवालं पाणी तिथे परत फिरवलं तर निम्मी क्षारता परत मिळते, थोडा ऑक्सिजनही वाचतो, आणि नायट्रोजनही पाण्यातून निघून जातो, म्हणजे एका दगडात तीन.

वीज आणि गाळ, या दोन वह्या खोटं बोलत नाहीत

प्लांटच्या विजेतला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग हवा मारण्यात जातो. त्यामुळे पैसे वाचवायचे तर पहिला हात ब्लोअरवर, म्हणजे हवा मारणाऱ्या मशीनवर पडतो. मी एका ठिकाणी होतो, नाव राहू दे, तिथे सकाळचे आकडे नेहमी बरे आणि नदीत मात्र दर काही दिवसांनी मासे वर. कोणाला काही कळेना. शेवटी आम्ही विजेच्या मीटरचं तासातासाचं रेकॉर्ड काढलं, रात्री बारा ते पाच रेघ सपाट. लॉगबुकमधे ब्लोअर चालू होता, मीटरमधे नव्हता. तेव्हापासून मी लॉगबुक आधी मागत नाही, मीटरचं रेकॉर्ड मागतो.

गाळाचा हिशोब तर त्याहून भारी. बॅक्टेरिया घाण खातात म्हणजे ती गायब होत नाही, तिचा काही भाग बॅक्टेरियांच्या अंगावर चढतो. एक किलो बीओडी काढला तर अंदाजे अर्धा किलो सुका गाळ तयार होतो. १० एमएलडीचा प्लांट, येणाऱ्या पाण्याचा बीओडी २५०, जाणाऱ्याचा १०, म्हणजे दिवसाला २४०० किलो बीओडी काढला, म्हणजे १२०० किलो सुका गाळ. पाणी पिळून काढणाऱ्या प्रेसमधून निघालेल्या गाळात सुका भाग समजा २० टक्के, तर रोज सहा टन ओला गाळ बाहेर पडायला हवा, पद्धतीप्रमाणे थोडा कमीजास्त. म्हणजे रोज एक ट्रक. आता विचारा, ट्रक कुठाय? गेटच्या रजिस्टरमधे महिन्याला दोन ट्रक असतील तर उरलेला गाळ एकतर टाकीत साठतोय, ते फार दिवस शक्य नाही, नाहीतर रात्री क्लॅरिफायरवरून ओसंडून नदीत जातोय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. रिपोर्टमधले आकडे कोणी कसेही लिहो, सहा टन चिखल खिशात लपवता येत नाही.

पावसात काय होतं

जुन्या शहरांमधे पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच पाइपातून जातं, आणि नव्या शहरांत वेगळे पाइप असले तरी भेगांमधून, चुकीच्या जोडण्यांमधून पावसाचं पाणी आत शिरतंच. प्लांट साधारण कोरड्या दिवसाच्या दोन-तीन पट पाणी घेऊ शकतो, त्याच्या वरचं बायपासमधून थेट नदीत. लंडनमधे यासाठी थेम्सच्या खाली २५ किलोमीटरचा बोगदा बांधला, २०२५ मधे तो पूर्ण जोडला गेला, तोवर जोराचा पाऊस म्हणजे नदीत मैला हे ठरलेलं.

तुम्हाला बोगदा बांधायचा नाहीये, तुम्हाला बायपासचं दार बघायचंय. कोरड्या दिवसात जा. दाराच्या खालच्या बाजूला कोळीष्टकं, वाळलेली पानं असतील तर ठीक. ओली शेवाळी रेघ, चिंध्या आणि वाइप्स अडकलेले असतील तर ते दार पावसाशिवायही उघडतंय. कोरड्या दिवशी बायपास वाहणं म्हणजे कुठेतरी तुंबलंय, पंप बंद आहे किंवा प्लांटच पुरत नाही, चौथं कारण सहसा नसतं. तुंबायला मुख्य कारण चरबी आणि वाइप्स. २०१७ मधे लंडनच्या व्हाइटचॅपलखाली २५० मीटर लांब आणि १३० टनांचा असा गोळा सापडला होता. त्यामुळे घरातलं तेल-तूप सिंकमधे नको, वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करा लिहिलं असलं तरी करू नका, जुनी औषधं आणि रंगाचं थिनर तर अजिबात नको, थिनरसारख्या गोष्टींनी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मरतात आणि परत उभे राहायला कित्येक आठवडे घेतात.

ऑपरेटर असाल तर जोराच्या पावसात एक करता येतं: येणारं पाणी टाकीच्या तोंडाशी न सोडता शेवटच्या भागात सोडायचं. आधीच्या भागातला गाळ जागेवर सुरक्षित राहतो, क्लॅरिफायरवरचा भार कमी होतो. त्या दिवशीचं पाणी जरा खराब जाईल, पण गाळ वाहून गेला तर पुढचे काही आठवडे खराब जातील.

नदी समुद्राला मिळते तिथे

गोड्या पाण्यात शेवाळाला आवरायचं तर सहसा फॉस्फरस कमी करावा लागतो, समुद्राच्या पाण्यात सहसा नायट्रोजन. सरसकट नियम नाही पण सुरुवात इथून करा. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तलावात येणारं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९६३ ते १९६८ मधे टप्प्याटप्प्याने बंद केलं, फॉस्फरस घटला आणि काही वर्षांत पाणी नितळ झालं. लक्षात घ्या, ते प्रक्रिया केलेलं पाणी होतं, बीओडी कमीच होता. फ्लोरिडातल्या टॅम्पा खाडीत उलटी गोष्ट, तिथे नायट्रोजन. टॅम्पा शहराने १९७९ च्या सुमारास प्लांटमधे नायट्रोजन काढायची सोय केली, पाणी हळूहळू स्वच्छ होत गेलं, तळापर्यंत ऊन पोचायला लागलं आणि समुद्री गवत परत आलं, २०१४ च्या सुमारास ते १९५० च्या दशकातल्या पातळीला पोचलं. त्यानंतर पुन्हा बरंच घटलंय, म्हणजे एकदा केलं आणि विसरलो असं चालत नाही. तुमच्या नदीच्या मुखाशी समुद्री गवत असेल तर त्याची खालची कड किती खोलीपर्यंत आहे ते दरवर्षी त्याच महिन्यात मोजा, महागड्या यंत्राशिवाय मिळणारं पाण्याच्या नितळपणाचं ते उत्तम माप आहे.

लांब पाइप टाकून मैला समुद्रात आत नेऊन सोडणं हा उपाय बऱ्याच शहरांना आवडतो. बोस्टनचा २००० साली सुरू झालेला बोगदा जवळपास १५ किलोमीटर समुद्रात जातो, पण त्याच्या आधी तिथल्या डिअर आयलंडच्या प्लांटमधे पूर्ण दुय्यम प्रक्रिया (वरची बॅक्टेरियांची) होते, ती बाजू लोक सांगताना विसरतात. नुसता पाइप लांब केला तर घाण पातळ होते, नायट्रोजन तेवढाच राहतो.

जंतूंसाठी क्लोरीन घालत असतील तर विचारा, नंतर काढता का? एक-दोन शतांश मिलिग्रॅम उरलेला क्लोरीनसुद्धा माशांना त्रास देतो, म्हणून बाहेर सोडायच्या आधी सोडियम बायसल्फाइट वगैरे घालून तो मारायचा असतो. जंतू मारायला यूव्ही (अतिनील) दिवे असतील तर दिव्यांच्या काचेच्या नळ्या शेवटच्या कधी पुसल्या ते विचारा, त्यावर थर बसला की दिवा नुसता शोभेला. आणि खाली कालवं, शिंपले काढत असतील तर फक्त ई-कोलायचा (मैल्याची खूण म्हणून मोजतात तो बॅक्टेरिया) आकडा पुरेसा धरू नका, नोरोव्हायरससारखे विषाणू क्लोरीनला ई-कोलायपेक्षा चिवट असतात, आणि शिंपले पाणी गाळून खातात त्यामुळे पाण्यात थोडं असलेलं त्यांच्यात साठत जातं.

कागदावर काय मागायचं

लांबलचक निवेदन नको, वाचत नाहीत. पाच ओळी पुरे: अमोनियासकट २४ तासांचे मिसळलेले नमुने, ब्लोअरच्या मीटरचं तासातासाचं रेकॉर्ड, गाळाच्या ट्रकचं वजनासकट रजिस्टर, बायपास कधी उघडला त्याची नोंद, आणि खालच्या अंगाला ऑक्सिजनच्या खड्ड्याच्या जागी पहाटेचा ऑक्सिजन. सोबत तुमची स्वतःची वही जोडा. आरडाओरडा करणाऱ्या पन्नास लोकांपेक्षा तारखेसकट बारा पहाटेचे आकडे घेऊन आलेल्या एका माणसाला ऑपरेटर जास्त घाबरतो, मी त्या बाजूला होतो म्हणून माहितीये. आणि खरंच चांगला ऑपरेटर असेल तर त्याला आनंदच होतो, कारण तो वर्षभर वरच्यांकडे नवा ब्लोअर मागत असतो आणि कोणी ऐकत नसतं, तुमचा कागद त्याच्या कामाला येतो.

पहिली नोंद नदी सगळ्यात आटलेली असते त्या आठवड्यात घ्या. बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि पाण्याचं तापमान तिथल्या तिथे लिहा, पाण्याने न पुसणाऱ्या पेनने. मी एकदा साध्या पेनने लिहिलं, बर्फाच्या डब्यात सगळी शाई धुतली गेली, आणि लॅबमधे आठ सारख्या दिसणाऱ्या बाटल्या समोर ठेवून बसलो होतो, त्यातल्या दोन पांढऱ्या, आणि कुठल्या पुलाच्या ते काही केल्या आठवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीनचा गजर.